काय ते दिवस

यंदा कापणीला माणसं लागलीच नाहीत. हमरस्त्याकडून दोन यंत्रं आली, घराएवढी उंच, आणि पाच दिवसांत सगळं शिवार बोडकं करून निघूनही गेली. मागे उरला धुरळा. तो लोहाराच्या पत्र्यावर बसला, ऐरणीवर बसला आणि दारात खुर्ची टाकून बसलेल्या लोहारावरही बसला.

एरवी या दिवसांत दारात विळ्यांची रास पडायची. ओळख राहावी म्हणून कुणी मुठीला लाल चिंधी बांधायचं, कुणी सुतळी, कुणी नुसतीच खूण कोरायचं. लोहाराला जेवायला सवड नसायची. यंदा अकरा विळे आले, आणि त्यातले चार शेळ्यांना पाला तोडणाऱ्या बायकांचे.

लोहार सहासष्ट वर्षांचा होता. हात अजून दणकट, पण काम नसताना ते कुठे ठेवायचे हे त्याला उमगत नव्हतं. सकाळी अंघोळ उरकून तो खुर्चीत बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी, "यंत्रानं कापलेल्या धान्याला चव नसते." लोहारीण आत भांडी घासताना हे ऐके आणि तिच्या कपाळाला आठी पडे. जेवताना हाच माणूस दोनदा मागून घेत होता. बिनचवीचं धान्य चांगलं पचत होतं त्याला.

मुलाचं काम शेजारच्याच शेडमध्ये चाले. तो वेल्डिंग करी, फाटकं आणि खिडक्या बनवी. एकदा म्हणाला, "बाबा, बसून कंटाळता, तर गज कापायला या की."

"मी लोहार आहे," बाप म्हणाला. "गजकापू नाही."

मुलानं पुन्हा विचारलं नाही. लोहारणीनं मात्र ते वाक्य जपून ठेवलं. नवऱ्याचा राग येणं तिला नवं नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तो राग जेवणातल्या मिठासारखा होता, रोज लागतो तेवढाच. यंदा तो जरा जास्त पडत होता, एवढंच.

एकतीस वर्षं तिनं त्याचा भाता ओढला होता. त्यानं ठोकायचं, तिनं ओढायचं. मुलानं विजेचा ब्लोअर आणला त्या दिवशी बटण तिनं स्वतःच्या हातानं दाबलं. विस्तव भुर्रकन फुलला. तिनं भात्याची दोरी सोडवली, गुंडाळली आणि भाता मुलाकडून माळ्यावर टाकवला. तोवर उजवा खांदा गेलेलाच होता. हात कानाच्या वर जात नसे, अंगात कपडा चढवायचा तर आधी उजवी बाही, मग बाकीचं.

अशा त्या रिकाम्या दिवसांत साहेब दारात आला.

साहेब म्हणजे गावातल्या बागाईतदाराचा धाकटा भाऊ. शहरात मोठ्या हुद्द्यावर होता, निवृत्त होऊन परतला तो आठवणींची खाज घेऊनच. दर दोन वाक्यांमागे एक सुस्कारा टाकून म्हणायचा, "काय ते दिवस!" लोहारणीनं त्याचं नावच पाडलं होतं, तेदिवस. "तेदिवस आला बघ," म्हटलं की सून तोंडावर हात धरून हसे.

वर्षभर हा माणूस गावोगाव भंगार गोळा करत फिरला होता. कंदील, कोळशाची इस्त्री, पंपाचा स्टोव्ह, कडी तुटलेल्या पेट्या, कान पिळायचा रेडिओ. लोकांनी हसत हसत दिलं, घरातली अडगळ गेली. मग त्यानं हमरस्त्याला लागून असलेल्या पडीक तुकड्यावर गवताच्या छपराच्या पाच-सहा झोपड्या उभ्या केल्या आणि वर पाटी लावली, 'हरवलेलं गाव'. खरं गाव तिथून हाकेच्या अंतरावर होतं आणि ते कुणी हरवलेलं नव्हतं, पण ते बघायला कुणी गाडी करून येत नसे.

"आठवतं का रे," साहेब लोहाराला म्हणाला, "लहानपणी मी भोवऱ्याची आर तुमच्याकडूनच बसवून घ्यायचो. तुझे वडील शिव्या द्यायचे आणि बसवून द्यायचे. काय ते दिवस!"

"आठवतं की," लोहार खुर्चीतून उठलाच. गेल्या महिन्याभरात तो असा कुणासाठी उठला नव्हता.

"मग ये की तिकडे. दर शनिवार-रविवार. तू, तुझी ऐरण आणि तो चामड्याचा भाता. चांगला मोबदला देईन. शहरातली माणसं बघायला तरसलीत रे."

"ब्लोअर नेऊ की," मुलगा शेडमधून म्हणाला. "सोपं पडेल."

"छे छे! वाऱ्याचे पंखे काय त्यांच्या घरी कमी आहेत? त्यांना भाता बघायचाय. तो आवाज... फूस... फूस... अरे, गावाचा श्वास होता तो!"

"श्वास माझा होता," लोहारीण दारातून म्हणाली.

साहेब खो खो हसला. "वहिनी अजून तशाच आहेत!"

तो गेल्यावर लोहारानं भाता माळ्यावरून काढला. चामडं कोरडं पडून तडकलं होतं. दोन दिवस तो त्याला तेल चोळत बसला, तान्ह्या पोराला चोळावं तसं. शिवण उसवली होती तिथे नवी दोरी भरली. शीळ घालत होता. लोहारीण ते बघत होती. तिच्या खांद्याला त्यानं आयुष्यात कधी चमचाभर तेल लावलं नव्हतं.

"ओढणार कोण?" तिनं विचारलं.

"तू."

"खांदा?"

"मग सूनबाई येईल. भाता हलका तर चालतो आता, बघ. पाचवा महिना म्हणजे काही आजारपण नव्हे. तू तर..."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं त्यानं पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"मी येते," ती म्हणाली.

पहिल्या शनिवारी साहेबानं दोघांना कपडे दिले. लोहारीण ते हातात घेऊन उलटसुलट करत राहिली. कोरं कापड होतं, दुकानाचा वास अजून गेला नव्हता, आणि त्यावर शिंप्याकडून ठिगळं लावून घेतली होती. निळं, पिवळं, एक फुलाफुलांचं. सगळी दर्शनी भागात, मशीनच्या टाक्यानं, चौकोनी.

"फाटलं नाही ते," ती म्हणाली.

"नाही ना! टिकेल बरीच वर्षं," साहेब खूश होऊन म्हणाला.

तिच्या अंगावर एके काळी ठिगळं होती. नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याची. ती लपतील अशी निरी धरायला ती शिकली होती आणि नाहीच लपली तर बाजारात हाताची पिशवी पुढे धरून चालायची. आता तीच लोकांना दिसावीत म्हणून साहेबानं तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं. मग तिच्या पायातली चप्पल काढायला लावली. मग चष्मा.

"चष्म्याशिवाय ठिणगी दिसत नाही मला."

"वहिनी, तेव्हा कुठे होते चष्मे?"

"तेव्हा डोळे होते."

चष्मा गेला. लोहारानं मनगटावरचं घड्याळ आपणहून, कुणी न सांगता काढून खिशात टाकलं.

लोक खरंच आले. गाड्या भरभरून आले. उन्हाच्या टोप्या, पाण्याच्या बाटल्या, कडेवर लेकरं. शेजारच्या झोपडीत एक विधवा धोबीण जात्यावर दळत असे. आलेल्या बायका दोन-दोन फेरे ओढून बघत, फोटो काढत आणि "शेवटी घरच्या पिठाला तोड नाही" असं म्हणत. ते पीठ संध्याकाळी साहेबाच्या कोंबड्यांना जाई. आलेल्या पाहुण्यांचं जेवण गिरणीच्या पिठाचं असे.

एका झोपडीत कंदील टांगले होते. त्यातला एक लोहारणीच्या घरचा. तळाला चेमटलेला, तिनं लगेच ओळखला. खाली पुठ्ठा लावला होता, 'आजीच्या मायेचा उजेड'. त्या कंदिलाची काच रोज तिन्हीसांजेला राखेनं पुसताना दोनदा तिच्या तळहातात घुसली होती, आणि त्या उजेडात तांदळातला खडा आणि तांदूळ यांत काडीचा फरक दिसत नसे. पुठ्ठ्यासमोर उभी राहून एक बाई डोळे टिपत होती. लोहारीण तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. हिला नेमकं कुठे दुखतंय ते तिला कळेना.

सगळ्यांत जास्त गर्दी भात्याकडे होई. लोहार कसलेल्या नटासारखा घाम पुसे, लाल लोखंड सांडशीनं उंच धरून दाखवी, मग ठोके. ठोकून व्हायचं काय, तर एक विळा. कुणाला तो नको असे. दोन विकले गेले, भिंतीवर शोभेला लावायला.

"मी ओढून बघू?" एक तरुणी म्हणाली. लोहारणीनं दोरी तिच्या हातात दिली. ती आठ-दहा वेळा ओढून हसत हसत म्हणाली, "किती छान! व्यायामशाळेची गरजच नव्हती तुम्हाला."

"नव्हती," लोहारीण म्हणाली.

एक जाडेला गृहस्थ बायकोला समजावून सांगत होता, "त्या काळची माणसं दमतच नव्हती बघ. अन्न कसदार."

"दमत होतो," लोहारीण दोरी ओढता ओढता म्हणाली. "सांगायला सवड नव्हती."

सगळे हसले. गृहस्थ सगळ्यांत मोठ्यानं हसला. पुढच्या आठवड्यात साहेबानं तिला ते वाक्य पुन्हा म्हणायची विनंती केली.

"आणि गाणं?" कुणीतरी हटकून विचारी. "भाता ओढताना काय गाणं म्हणायचात?"

"कोळशाचा धूर तोंडात जाऊ नये म्हणून तोंड मिटून बसायचो."

इथे लोहार मध्ये पडे. "लाजते ती. गायची ना! अहो, असा गळा होता, पलीकडच्या आळीतली माणसं ऐकत उभी राहायची."

लोहारणीनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला हसू आलं. दुसऱ्यांदा नाही. तो दर आठवड्याला एकेक नवीन गोष्ट आणू लागला. पूर्वी कुणी आजारी पडत नसे. पूर्वी शेजाऱ्याच्या घरी कुणी विचारून जात नसे. पूर्वी अख्खा गाव भात्याभोवती जमून सुखदुःख बोलायचा. यातल्या शेजाऱ्याशी त्यानं स्वतः सतरा वर्षं अबोला धरला होता, एका नाल्याच्या दगडावरून. पण ऐकणारे माना डोलवत, आणि माना डोलल्या की त्याची छाती आणखी दोन बोटं पुढे येई. घरी येऊन तो आता मुलाच्या वेल्डिंगकडे बघून नाक मुरडी. "ठिणगी असते, पण जीव नाही त्यात."

रविवारी रात्री लोहारणीचा हात मांडीवर ठेवला तर जागचा हलत नसे. सून गरम पाण्याची पिशवी आणून देई. "आई, सोडा ना ते. माझ्यासाठी कशाला?"

"तुझ्यासाठी नाही," ती खोटं बोले. "घरात बसून याचं तोंड बघण्यापेक्षा बरं."

सहाव्या की सातव्या रविवारची गोष्ट. दुपारची वेळ, गर्दी दाट. शहरातली एक गरोदर बाई नवऱ्याचा हात धरून पुढे उभी होती. तिला बघून लोहाराला सुचलं, का तो मुद्दाम ठरवूनच आला होता, देव जाणे.

"आताच्या बायकांना नऊ महिने पलंगावरून उतरू देत नाहीत," तो हातोडा खांद्यावर टाकून म्हणाला. "आमची ही... पहिलं बाळंतपण, ऐन कापणीत. आणि तिसऱ्या दिवशी भात्यावर हजर! तिसऱ्या! हसत हसत!"

"बापरे!" कुणीतरी म्हणालं. आणि टाळ्या पडल्या. आधी एकानं वाजवल्या, मग सगळ्यांनी. लहान मुलांनीही वाजवल्या.

भाता थांबला. चार-पाच श्वासांत विस्तवाची लाली उतरायला लागली. लोहार मागे वळला. "ओढ की."

"आणि पोरगी गेली ते?" लोहारीण म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "भिंतीशी टोपलीत ठेवली होती. या धुरात. खोकायची. नवव्या दिवशी गेली. टाळ्या झाल्या असतील तर तेही सांगा यांना."

लोक उभे होते तसेच उभे राहिले. गरोदर बाईला तिचा नवरा बाजूला घेऊन गेला. कुणाचा तरी फोन खटकन वाजला, फोटो काढल्याचा. लोहार विस्तवाकडे बघत होता. मग त्यानं वाकून निखारे उगाच सारखे केले.

घरी जाताना लोहारणीला वाटत होतं की बरं झालं, आता हे दुकान बंद.

सोमवारी सकाळीच साहेब दारात. लोहारीण चहा ठेवायला उठली नाही.

"वहिनी," साहेब खुर्ची ओढून हळव्या आवाजात म्हणाला, "काल जे झालं... मला सगळ्यांचे फोन आलेत. लोक हलून गेलेत हो! एक बाई तर म्हणाली, घरी जाईपर्यंत रडत होते. असं काहीतरी खरं, जिवंत, हेच तर हवंय आपल्याला. दोन वेळा ठेवू या का? सकाळी अकराला आणि दुपारी चारला. तुम्ही सांगितलं तसंच सांगायचं. मध्येच भाता थांबवलात ना, तेही तसंच ठेवा. फार छान होतं ते."

शेडमधलं वेल्डिंग थांबलं. मुलगा काच डोळ्यांवरून वर सारून दारात आला. सून भिंतीला टेकली. लोहारीण नवऱ्याकडे बघत होती. एवढा तिरस्कार केला होता तिनं त्याचा, तरी या घडीला तो काय बोलतो याची ती वाट बघत होती. त्याबद्दल तिला स्वतःचीच चीड आली.

लोहारानं गुडघा चोळला. "अकराला गर्दी कमी असते," तो म्हणाला. "ऊन पण होतं. चारचंच ठेवा."

"बाबा!" मुलगा ओरडला.

"मग काय, दोनदा सांगायला लावू तिला?" लोहार म्हणाला. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण तिची बाजू घेतली.

"चारला," लोहारीण म्हणाली. "येते मी."

मुलगा आठवडाभर आईशी भांडला. तिनं ऐकून घेतलं आणि शनिवारी दुपारचं जेवण उरकून निघाली. साहेबाचे ते ठिगळांचे कपडे तिनं घडी करून पिशवीत घातले होते. अंगावर रोजचेच. पायात चप्पल, डोळ्यांवर चष्मा. साहेबाला तिनं पिशवी दिली आणि त्यानं तोंड उघडण्याआधीच पुढे निघून गेली.

चारला माणसं दाटीवाटीनं उभी होती. साहेबानं आधीच कुणाकुणाला सांगून ठेवलं असावं, कारण बरीच जण रुमाल काढून तयार होती. लोहार ऐरणीपाशी होता. लोहारीण भात्यामागच्या आपल्या जागेवर बसली नाही. तिनं भात्याची दोरी उचलून त्याच्या हातात दिली आणि त्याच्या तिवईवर बसली.

"गोष्ट सांगते," ती म्हणाली. "पण भाता चालू पाहिजे. ओढा."

लोक हसले. त्यांना वाटलं, हे ठरलेलंच आहे. लोहारही हसला, बसला आणि ओढायला लागला. तिनं भाता ओढला त्या एकतीस वर्षांत त्यानं दोरीला कधी हात लावला नव्हता.

"तीनशे विळे आले होते त्या वर्षी," लोहारीण म्हणाली. "एका विळ्याला तीन वेळा तापवायचं. एका तापाला साठ-सत्तर वेळा ओढायचं. तुम्ही करा हिशोब, मला येत नाही. तिसऱ्या दिवशी मी भात्यावर बसले, रात्रीपर्यंत पस्तीस झाले. ओटीपोटात कळा येत होत्या, मी बसायला गोणपाट मागितलं. हे म्हणाले, गोणपाट कोळशाचं आहे, मळेल. कोळशाचं गोणपाट मळेल म्हणाले. विस्तव उतरला. ओढा."

लोहार ओढू लागला. हसू गेलं होतं.

"दूध यायचं तेव्हा अंगावरचे कपडे ओले व्हायचे, वाळायचे, विस्तवासमोर कडक व्हायचे. पोरगी रडली की मी डाव्या पायानं टोपली हलवायची. हात मोकळा नसायचा. चौथ्या दिवशी तिला खोकला लागला. एवढासा. मांजराच्या पिल्लाला लागतो तसा. विस्तव उतरला. अंगानं ओढा, नुसत्या हातानं नाही. पाठ वाकवा."

ती एकेक दिवस सांगत गेली. घाई नव्हती तिला. पाचव्या दिवशी कोण काय म्हणालं. सहाव्या दिवशी किती विळे. मध्ये मध्ये ती विस्तवाकडे बघे आणि "ओढा" म्हणे. लोहाराचा सदरा पाठीला चिकटला. हात बदलला, पुन्हा बदलला. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मागे उभं असलेलं कुणीतरी म्हणालं, "अहो, आजोबांना थांबवा." साहेब पुढे यायला निघाला, पण गर्दी बघून जागीच थांबला. रुमाल होते तसेच हातात होते. रडावं असं यात काही सापडत नव्हतं लोकांना.

"आठव्या दिवशी अडीचशे झाले," लोहारीण म्हणाली. "नवव्या दिवशी ती गप्प होती. सकाळपासून गप्प. मला वाटलं, शहाणी झाली, झोपते. बरं वाटलं मला. ओढत राहिले. संध्याकाळी उचलली तर..."

"दहाव्या," लोहार म्हणाला.

त्यानं दोरी सोडली नव्हती. मान खाली होती. शब्द श्वासांच्या मधून येत होते.

"काय?"

"दहावा दिवस तो. नवव्या दिवशी कोळसा संपला होता. भाता बंद होता." त्यानं ओढलं, सोडलं. "तू झोपलीस. दिवसभर. पाजायला जवळ दिली, तर डोळे मिटूनच पाजलंस. मी घेऊन बसलो होतो तिला, बाहेर. हवेत. खोकली नाही त्या दिवशी. बोट धरून होती माझं."

लोहारीण त्याच्याकडे बघत राहिली.

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? म्हणाली असतीस, उठवलं का नाही."

विस्तव लाल होता. त्यात लोखंड कुणी घातलंच नव्हतं. तो ओढतच राहिला, अखेर ती तिवईवरून उठली, वाकली आणि दोरी त्याच्या मुठीतून काढून घेतली. तळव्याची साल निघाली होती.

लोक हळूहळू पांगले. साहेब घाम पुसत आला. "वहिनी, थोडं लांबलं. आणि कपड्यांचं आपण बोलू. पण तेवढं नऊ की दहा, ते एकदा नक्की ठरवून घ्या दोघांनी. पाटीवर लिहायचंय."

लोहारणीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं हातोडा आणि सांडशी उचलली. भाता तिथेच ठेवला.

"ऐरण उद्या मुलगा घेऊन जाईल," ती म्हणाली.

यंत्रानं कापलेल्या रानातून पायवाट होती. खुंट एका उंचीचे, शेताच्या टोकापर्यंत. ती पुढे, तो मागे. त्याचा श्वास अजून जागेवर आला नव्हता, तिला मागून ऐकू येत होता. अर्ध्या वाटेवर ती वळली.

"कुठलं बोट?"

लोहारानं दोन्ही हात समोर धरले. आधी उजवा बघितला, मग डावा. विचार करत होता. मग त्यानं डाव्या हाताची करंगळी पुढे केली. बाकीच्या बोटांसारखीच होती ती, काळी, जाड, नख अर्धं.

लोहारणीनं ती बघितली. हात लावला नाही.

"घट्ट धरलं होतं?"

"घट्ट," तो म्हणाला. "सोडवून घ्यावं लागलं. कोळशाची गाडी आली होती."

लोहारीण वळून चालू लागली. बरीच पुढे गेली. मग थांबली, आणि तो जवळ येईपर्यंत तशीच, मागे न बघता, उभी राहिली.